चिखलात रुतल्याबाबत खुलासा

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या दारात उभ्या राहून माझ्या मुलीचे दात मोजत होत्या.

भाईंदर पूर्वेच्या या सोसायटीत येऊन आम्हाला तीनच दिवस झाले होते. घरभर खोकी पडलेली. बेल वाजली म्हणून सईनं दार उघडलं, आणि मग बराच वेळ काहीच आवाज येईना, म्हणून मी बाहेर आलो. दारात साठी ओलांडलेल्या एक बाई उभ्या. सुती साडी, पायात शाळकरी पोरांसारखे पांढरे कॅनव्हासचे बूट, काखेत लांबलचक रजिस्टर. समोर सई तोंडाचा आ करून उभी.

"वरचे दोन पडलेत, खालचा हलतोय," त्या मला म्हणाल्या, जणू मीच विचारायला गेलो होतो. "वय सात लिहू की साडेसात?"

"आपण कोण?"

"तळमजला, दोन नंबर. वाचते का ही?"

"वाचते की. इंग्लिश मीडियमला आहे."

"मीडियम नाही विचारलं. वाचते का?"

मी सईकडे पाहिलं. सईनं जमिनीकडे पाहिलं. बाईंनी रजिस्टरात काहीतरी लिहिलं आणि "मंगळवार-शुक्रवार, संध्याकाळी पाच, पार्किंगमध्ये" एवढं सांगून शेजारची बेल वाजवली.

बाई मुंबईत शिधावाटप कार्यालयात होत्या. अख्खी नोकरी रेशन कार्डं तपासण्यात गेली. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर गिरगावातली खोली सोडून त्या इथे आल्या, आणि आल्या आल्या त्यांच्या लक्षात आलं की इथे पोरं ढीगभर आहेत पण त्यांची नोंद कुठेच नाही. ती त्यांनी करायला घेतली. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं, तरी सगळी सोसायटी त्यांना बाईच म्हणायची. एखाद्या पोरानं चुकून आजी म्हटलं तर म्हणायच्या, "आजी व्हायला आधी आई व्हावं लागतं. मधली पोस्ट गाळून प्रमोशन मिळत नाही."

नोंद झालेल्या प्रत्येक पोराला कार्ड मिळायचं. जुन्या लग्नपत्रिका कापून केलेलं. पुढे गणपती, मागे पोराचं नाव, आणि त्याखाली रकाने. पुस्तक वाचून आणलं की बाई एक प्रश्न विचारायच्या आणि ऑफिसातून येताना सोबत आणलेला "तपासले" असा शिक्का रकान्यात मारायच्या. प्रश्न कसले? "त्या कोल्ह्याच्या जागी तू असतीस तर जेवायला काय मागितलं असतंस?" असले. गोष्टीचं तात्पर्य त्यांनी कधीही विचारलं नाही. एका आईनं एकदा कौतुकानं विचारलं, "बाई, या गोष्टीतून मुलांनी काय घ्यायचं?" बाई म्हणाल्या, "घ्यायचं काही नाही. पिशवी आणली नसेल तरी चालेल."

पार्किंगमध्ये जमणारी पोरं सगळ्या जातीची आणि भाषांची. मराठी, गुजराती, हिंदी बोलणारी. तेव्हा बाई हिंदीत गोष्ट सांगायच्या. ते हिंदी फक्त त्यांचंच होतं. "एक राजा था. उसको काही केल्या नींदच नहीं लगती थी. रानी बोली, अहो, तुम जरा अंगण में फिरके क्यों नहीं आते?" पोरं जमिनीवर लोळायची. "बाई, आंगन! अंगण नहीं!" बाई शांतपणे म्हणायच्या, "राजा मराठी था," आणि पुढे चालू.

पण खरी गोम वेगळीच होती. बाई एका बैठकीला अर्धीच गोष्ट द्यायच्या. मंगळवारी अर्धी, उरलेली शुक्रवारी. आणि थांबायच्या कुठे, तर जिथे थांबणं म्हणजे निव्वळ क्रूरपणा. एक उंट होता, त्याला फक्त डावीकडे वळता यायचं. अशा उंटाला त्यांनी एका मंगळवारी एका बोळाच्या टोकाशी नेलं. समोर भिंत, डावीकडे भिंत, रस्ता फक्त उजवीकडे, आणि मागून चोर येतायत. तिथे रजिस्टर मिटलं. "आजचा कोटा संपला."

सईनं ही अर्धी गोष्ट घरी सांगितली आणि दोन दिवस माझं कशात लक्ष लागेना. गुरुवारी ऑफिसला जाताना मी बाईंच्या खिडकीशी थांबलो. आत त्या भाजी निवडत होत्या.

"त्या उंटाचं काय झालं हो?"

त्यांनी मान वर केली. "कार्ड आहे तुमचं?"

"नाही."

"मग शुक्रवारी मुलीला विचारा."

शुक्रवारी कळलं. उंट डावीकडे तीनदा वळला. म्हणजे उजवीकडेच की हो! मी लिफ्टमध्ये एकटाच हसलो.

त्यांची पुस्तकं तांदळाच्या पत्र्याच्या पिंपात असायची. खाडीची दमट हवा, पुस्तकांना बुरशी धरते, म्हणून मध्ये मध्ये कडुनिंबाचा पाला. पुस्तक काढायला पोरं कमरेपर्यंत पिंपात शिरायची, बाहेर फक्त पाय. पुस्तक अर्धवट सोडलं तर बाई रागवत नसत. "कुठल्या पानावर कंटाळलीस?" एवढंच विचारायच्या आणि त्या पानावर पेन्सिलीनं नोंद करायच्या : "येथे ध्रुवी झोपली." मग बाकीची पोरं तेच पुस्तक मागायची, आपण ध्रुवीच्या पुढे जातो का बघायला. माझी सई, जी कधी स्वतःहून पुस्तक उघडत नव्हती, तिनं त्या ईर्षेपायी एका महिन्यात चार पुस्तकं संपवली. पाचव्यात ती झोपली. तशी नोंद आहे.

ही ध्रुवी म्हणजे आमच्या चेअरमनची नात. चेअरमन सी विंगमधले गुजराती गृहस्थ, भाईंदर पश्चिमेला त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. शिस्तीचे भोक्ते. पार्किंगमध्ये पोरांचा हसण्याचा आवाज झाला की त्यांचा मला फोन यायचा, कारण तोवर मी सेक्रेटरी झालो होतो. निवडणुकीच्या सभेला मी वीस मिनिटं उशिरा पोचलो, एवढाच माझा गुन्हा.

बाई आता इथे नाहीत. गेल्या वर्षी गुडघ्यांनी अगदीच संप पुकारला, तेव्हा भाची येऊन त्यांना रेवदंड्याला घेऊन गेली. दोन नंबरमध्ये सध्या नवीन लग्न झालेलं जोडपं राहतं. तर आता चिखलाची गोष्ट सांगतो.

दर रविवारी सकाळी बाई पोरांना घेऊन सोसायटीच्या मागे, खारी गावाच्या अंगाला, मिठागरांच्या आणि तिवरांच्या दिशेनं जायच्या. याला त्या "तपासणी दौरा" म्हणायच्या. नियम तीन. काही तोडायचं नाही. मोबाइल आणायचा नाही, त्यांनीही नाही. आणि एका जागी उभं राहून मनात दोनशे मोजायचे, तोवर बोलायचं नाही. दोनशे मोजून झाले की प्रत्येकानं काय दिसलं ते सांगायचं. पक्ष्यांची नावं बाईंना फारशी येत नव्हती, त्याचं त्यांना दुःखही नव्हतं. लांब लाल पायांचा, काळ्या पंखांचा एक पक्षी मिठागराच्या पाण्यात तोलून मापून पाऊल टाकत फिरतो. त्याचं नाव शेकाट्या, हे मला नंतर कळलं. बाईंनी त्याला बघताक्षणी "अरे, हे तर आमचे इन्स्पेक्टर साहेब!" म्हटलं. पुढे शाळेत पक्ष्यांच्या चित्राखाली सईनं "इन्स्पेक्टर" लिहिलं आणि टीचरनं मला बोलावून घेतलं, ती हकिकत वेगळी.

त्या रविवारी दौरा निवट्या बघायला होता. निवटी म्हणजे चिखलात राहणारा मासा. कल्ल्यांजवळच्या पंखांवर टेकून तो बाहेर येतो आणि उड्या मारतो. चौदा पोरं बांधावर ओळीनं उभी. एकशे साठ-सत्तरच्या सुमारास एक निवटी वर आली, टेकली आणि डोळे वटारून थेट बाईंकडे बघू लागली. मी तिथे नव्हतो, पण सगळ्या पोरांचं यावर एकमत आहे. बाईंना ते सहन झालं नाही. "काय गं, माझ्याकडे काय बघतेस?" असं म्हणत त्या बांधावरून खाली उतरल्या. पहिल्या पावलाला घोटा गेला, दुसऱ्याला गुडघा, आणि तिसरं पाऊल काही उचललंच नाही.

पोरं आधी हसली. बाईही हसल्या. मग बाईंनी पाय ओढून बघितला, आणि तो निघण्याऐवजी दुसरा मांडीपर्यंत गेला. तेव्हा हसणं थांबलं. त्यातच ध्रुवी म्हणाली, "बाई, पानी आ रहा है."

भरती लागली होती. सावकाश, इंच इंच, पण लागली होती. मोबाइल कुणाकडेच नव्हता. खाली उतरायला दोन पोरं पुढे झाली तशा बाई ओरडल्या, "खबरदार! एकही पाय बांधाखाली आला तर कार्ड रद्द!" पोरं थबकली. एकीचा चेहरा रडवेला झाला. तेव्हा बाईंनी एक दीर्घ श्वास घेतला आणि कमरेपर्यंत चिखलात उभ्या राहून मंगळवारची गोष्ट, जी शुक्रवारची बैठक न झाल्यानं अर्धीच राहिली होती, ती पुढे सुरू केली.

गोष्ट अशी होती की एका म्हातारीचा आवाज विहिरीत पडला. म्हातारी मुकी झाली आणि आवाज आत दिवसभर बडबडत राहिला. गावकरी पोहरा सोडायचे, वर यायचा तेव्हा त्यात एखादाच शब्द असायचा. कधी "मेल्या", कधी "मीठ". मंगळवारी दोर तुटला होता. आता बाईंनी नवा दोर आणवला, पैलवान आणवला, आणि पोरं बांधावर मांडी घालून बसली. पाणी चढत होतं आणि कुणी जागचं हलेना.

मग बाईंच्या लक्षात आलं की आपण जरा जास्तच चांगली गोष्ट सांगतोय.

"थांबा," त्या म्हणाल्या. "सई, ध्रुवी. बांधावरून सरळ खारीत जायचं. पळायचं नाही, भरभर चालायचं. पहिलं जे मोठं माणूस दिसेल त्याला आणायचं."

"आणि गोष्ट?"

"माणूस आल्याशिवाय पुढचा शब्द मिळणार नाही."

दोघी अर्थातच पळाल्या.

त्या घेऊन आल्या एका म्हाताऱ्या आजीला. खारीच्या जुन्या घरातली, डोक्यावर फडकं बांधलेली, खांद्यावर लांब फळी. तिनं बांधावरून बाईंकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. "अगो बाय, भरतीच्या टायमाला हितं क्याला शिरलीस? डोलं न्हाय काय तुला?"

"निवटी बघत होते," बाई म्हणाल्या.

"निवटी बघाची नस्ती, खाची अस्ती," आजी म्हणाली आणि फळी चिखलावर आडवी टाकून झपझप पुढे आली. "उबी ऱ्हाऊ नको. आडवी हो. फळीवर छाती टाक. आता येक येक पाय, हलू हलू."

त्या सगळ्याला पाव तास लागला. पाणी फळीला लागलं होतं. पोरांना धीर द्यायला बाई फळीवर पालथ्या पडल्या पडल्या गोष्ट सांगतच होत्या, आणि अखेर अशा जागी आल्या की गावानं सगळे उपाय करून पाहिले, आवाज काही वर येईना. तिथे त्या गप्प झाल्या. नंतर त्यांनी मला कबूल केलं की शेवट त्यांना ठाऊकच नव्हता. शेवट कधीच ठाऊक नसायचा; उरलेली अर्धी शुक्रवारी द्यायची ती त्यासाठीच.

"मग? मग काय झालं?" बांधावरून चौदा पोरं ओरडली.

बाईंचा डावा पाय ओढता ओढता आजीच वैतागून म्हणाली, "आवाज कसला वर काढता? त्या म्हातारीलाच सोडा ना हिरीत. आपला आवाज घेल आन् येल वर!"

बाईंनी मान वळवून आजीकडे पाहिलं. मग फळीवरून बाई म्हणाल्या, "हाच शेवट आहे."

"खोटं!" ध्रुवी ओरडली. "आपको नहीं मालूम था!"

इतक्यात पाय सुटला आणि बाई आजीच्या अंगावर कोसळल्या. बूट मात्र खाली राहिला.

आता हे सगळं हसत हसत सांगता येतं. त्या दिवशी मला हसू आलं नव्हतं. सई चिखलानं माखून दारात उभी राहिली आणि धापा टाकत "पप्पा, आम्ही बाईंना वाचवलं" म्हणाली, तेव्हा मी आधी तिचे हातपाय चाचपून पाहिले. भरतीच्या वेळी, मिठागराच्या बांधावरून, आठ वर्षांची पोर एकटीदुकटी पळत गेली होती. चेअरमनचा फोन आला तेव्हा पहिल्यांदाच आमचं दोघांचं एकमत होतं. "सेक्रेटरी साब, बस हो गया. बंद करो ये सब." नोटीस मीच लिहिली. पार्किंगमधल्या गोष्टी आणि रविवारचे दौरे पुढील आदेशापर्यंत बंद, आणि सात दिवसांत खुलासा द्यावा. रागाच्या भरात मी ती दोन ठिकाणी अधोरेखित केली.

खुलासा घ्यायला मीच गेलो. बाई मोरीपाशी स्टुलावर बसून उरलेला एक बूट ब्रशनं घासत होत्या. चिखलाचा डाग जाईना.

"एकाच बुटाचं काय करणार?" मी विचारलं.

"काही नाही. हाताला काम." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सई माझी असती तर नोटीस मीही काढली असती. फक्त अधोरेखित एकदाच केलं असतं."

तो खुलासा माझ्याकडे अजून आहे. ऑफिसच्या वळणदार अक्षरात लिहिलेला.

"विषय : चिखलात रुतल्याबाबत खुलासा. महोदय, उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, एक : सदर ठिकाणी चिखल आहे. दोन : अधोहस्ताक्षरित त्यात रुतली. तीन : बांधावरून उतरू नये अशी सक्त सूचना सर्वांना होती. मुलांनी ती पाळली. अधोहस्ताक्षरितेने पाळली नाही. चार : भरतीची वेळ पाहिली नाही. ही चूक संपूर्णपणे माझी असून तिला सबब नाही. पाच : निवट्या दिसल्या. एकूण अकरा. सहा : चौदा मुलांपैकी एकही रडले नाही. एकूण रडणारे एक, ती मी, परंतु आवाज केला नाही. सात : दोन मुलींना एकटे पाठवावे लागले, हे माझ्या मनातून जात नाही. होईल तो निर्णय मान्य आहे. कळावे."

हा कागद मी सभेत वाचून दाखवला. चौथ्या मुद्द्यापर्यंत लोक हसत होते. सातव्याला कुणी हसलं नाही. चेअरमननी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले. मग एका आईनं उठून सांगितलं की तिचा मुलगा गेले तीन रविवार गॅलरीत उभा राहून तोंडानं दोनशे मोजतोय. आणखी कुणी सांगितलं की घरात पोरं कालवणासाठी आणलेल्या खेकड्यालाही "इन्स्पेक्टर साहेब" म्हणतात. शेवटी ठरलं ते असं : गोष्टी पार्किंगमध्येच होतील. दौरे होतील, पण भरतीचं वेळापत्रक बघून, मोबाइल घेऊन, आणि दर वेळी दोन मोठी माणसं सोबत. पाळ्या लावायच्या.

पाळ्या लावायच्या म्हटल्यावर सगळ्यांना एकाएकी गावची लग्नं आणि ऑफिसची कामं आठवली. पहिल्या रविवारी उरलो मी आणि चेअरमन. ते आले ते पांढरेशुभ्र बूट घालून, चेहरा असा की तारखेला कोर्टात आलेत. बाईंनी नवीन बूट घेतले होते. बांधावर पोचल्यावर त्यांनी चेअरमनना सांगितलं, "दोनशे मोजायचे. मनात."

"मेरे को गिनना आता है," चेअरमन म्हणाले.

आम्ही मोजू लागलो. मी साठला कंटाळलो, नव्वदला घड्याळ बघितलं, आणि शंभराच्या पुढे कधीतरी मोजायचं विसरून गेलो. ओहोटीचा चिखल उन्हात चमकत होता. जिथे काहीच नव्हतं तिथे हळूहळू सगळीकडे काहीतरी हलू लागलं. खेकडे बाहेर आले. एक निवटी उडाली. दोनशे झाले तरी कुणी बोललं नाही.

मग चेअरमनच बोलले. कुणाला उद्देशून नाही, अर्धं हिंदीत, अर्धं गुजरातीत. त्यांच्या गावाला तळं होतं. तळ्यात एक कासव होतं. शाळेत जाताना ते रोज बाजरीच्या रोटल्याचा तुकडा न्यायचे आणि ते कासव काठावर यायचं. मास्तर मारायचे उशिरा आलं म्हणून, तरी रोज.

ध्रुवीनं आजोबांकडे असं पाहिलं की जणू हे गृहस्थ पहिल्यांदाच भेटतायत. ती हळूच म्हणाली, "पछी?" म्हणजे, मग?

"पछी एक दिन बापूजी बोले, मुंबई जाना है. सवेरे सवेरे निकल गये. रोटला मेरे खिसे में ही रह गया."

"पछी? रोटलानुं शुं थयुं?"

चेअरमन चिखलाकडे बघतच म्हणाले, "मुंबई तक संभाला. बाद में भूख लगी तो खा गया. रोते रोते खा गया."

पोरं हसली नाहीत. बाई केव्हा खाली बसल्या ते मला कळलंच नाही. पोरांच्या ओळीत, दोन पोरींच्या मध्ये, गुडघे पोटाशी घेऊन त्या ऐकत होत्या. गुजराती त्यांना किती कळलं कोण जाणे. "त्या कासवाला नाव होतं का?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि चेअरमननी नाव सांगितलं. ते इतकं विचित्र होतं की मग मात्र सगळे हसले, चेअरमन सगळ्यांत जास्त.

परतताना फाटकापाशी त्यांनी मला बाजूला घेतलं. बुटांवर चिखलाचे शिंतोडे उडाले होते. "सेक्रेटरी साब, वो पाळी का लिस्ट तुम्हारे पास है ना? मेरा नाम हर इतवार को लिख दो."

मी खिशातून कागद काढला आणि तिथेच, फाटकाच्या खांबावर टेकवून लिहिलं. चेअरमनचं नाव सगळ्या रविवारांपुढे, आणि त्याखाली माझं.